जप्तीबाहेरचे

दिवाणी प्रक्रिया संहिता हा ग्रंथ वाचनाच्या ओढीने कोणी हाती घेत नाही. वकील तो उघडतात ते गरजेपुरता आणि विद्यार्थी उघडतात ते परीक्षेपुरता. तरीही १९०८ सालच्या या संहितेतील साठावे कलम एखाद्या घराच्या मधल्या खोलीत उभे राहून लिहिल्यासारखे वाटते. ज्याच्याविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला आहे, त्या ऋणकोची कोणती मालमत्ता जप्त करून विकता येते, हे कलमाच्या पहिल्या भागात सांगितले आहे. उत्तर जवळजवळ 'सगळी' असेच आहे. जमीन, घरे, माल, रोकड, नोटा, हुंड्या, सरकारी रोखे, कंपन्यांचे शेअर, जे जे विकण्याजोगे ते ते सगळे. त्यानंतर एक परंतुक येते आणि कायद्याचा आवाज अचानक खाली उतरतो. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाट आणि अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे कोणाही स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकरी असल्यास त्याची अवजारे, आणि पोट भरण्याइतकी शेती करण्यास न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरे व बियाणे. या वस्तूंना बेलिफाने हात लावायचा नाही.

ही यादी म्हणजे एका साम्राज्याच्या विधिमंडळाने मांडलेला किमान संसार आहे. माणसाकडून सगळे काढून घ्यायचे ठरविले, तरी कोठे थांबल्यावर तो माणूस उरतो, याचे हे उत्तर आहे. तत्त्वज्ञांनी या प्रश्नावर बरेच लिहिले असेल, परंतु भांडी आणि अंथरुणे मोजण्याइतके ते क्वचितच खाली वाकले. कायद्याला मात्र वाकावेच लागते, कारण जप्तीच्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला तत्त्व सांगून भागत नाही. ही परात घ्यायची की ठेवायची, एवढेच त्याला ठाऊक व्हायला हवे असते.

आणि तेथेच शब्द अपुरे पडू लागतात. इंग्रजी मूळ वाक्यात 'आवश्यक' हे विशेषण कपड्यांच्या आधी येते; ते पुढच्या भांड्यांनाही लागू आहे की नाही, हे वाक्य स्पष्ट सांगत नाही. भांडी 'स्वयंपाकाची' म्हटली आहेत. पातेले आणि तवा त्यात आले, यात वाद नाही. पण ताट-वाटी ही जेवणाची भांडी, हंडा पाण्याचा, घंगाळ अंघोळीचे आणि समई देवाची. मराठी घरात तर भांडे हे केवळ भांडे नसते. त्याच्या काठावर बारीक ठिपक्यांनी नाव घातलेले असते: कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या प्रसंगी, कोणत्या तारखेला. मावशीने भाचीच्या लग्नात दिलेला गडू, आत्याने बारशाला दिलेली वाटी. कर्जापायी मोडीत निघालेली अशी भांडी जुन्या बाजारात तांब्या-पितळेच्या वजनावर विकली जातात, तेव्हा ती नावे तशीच काठावर असतात. घेणारा ती वाचतो आणि तराजूत टाकतो. कायद्याने पातेले वाचविले. नाव घातलेल्या गडूविषयी त्याला काही म्हणायचे नव्हते.

दागिन्यांचे कलम आणखी विचार करण्यासारखे आहे. इंग्रज विधिकर्त्यांनी 'मंगळसूत्र' हा शब्द वापरला नाही. रूढी म्हणून सोडून दिले आणि अर्थ न्यायालयांवर सोपविला. शब्द व्यापक आहेत, परंतु त्यांच्या पोटात एक भेद राहतोच. जी स्त्री सवाशीण आहे तिच्या गळ्यातील काळी पोत तिची राहिली. जिचा नवरा गेला आहे, आणि सावकाराचा तगादा बहुधा तेव्हाच सर्वांत जड असतो, तिच्या अंगावर रूढीने 'उतरविता न येणारे' असे काही ठेवलेलेच नसते. जे रूढीने आधीच उतरविले, त्याला कायदा संरक्षण तरी कसले देणार? ज्या काळात हे कलम लिहिले गेले त्या काळातील विधवेच्या बाबतीत ही सवलत रिकामी होती, असे म्हणणे भाग आहे.

साठाव्या कलमाचा एक गुण मात्र कबूल करायला हवा. ते वस्तूंची नावे घेते, किमती सांगत नाही. दिवाळखोरीचा विचार करताना हा भेद फार मोठा ठरतो. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा साठाव्या कलमावरच विसंबतो: जे जप्त करता येत नाही ते नादाराच्या वाटपयोग्य मालमत्तेतही धरायचे नाही, असे तो म्हणतो. म्हणून पुण्यात, नागपुरात किंवा सोलापुरात नादार ठरलेल्या माणसाची भांडी ही भांडी म्हणून वाचली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांसाठी मात्र त्याआधी, १९०९ साली, वेगळा कायदा झाला होता. त्यात धंद्याची हत्यारे, आवश्यक कपडे, अंथरुणे, भांडी आणि लाकूडसामान ही सगळी वगळली, पण एका अटीवर: सगळ्यांची मिळून किंमत ३०० रुपयांच्या वर जाता कामा नये. १९०९ साली ३०० रुपये ही कारकुनाच्या काही महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम होती, आणि तेवढ्यात दोन खोल्यांचा संसार बसत होता. रुपया पुढे झिजत गेला आणि आकडा कायद्याच्या पानावर तसाच छापलेला राहिला. आज ३०० रुपयांत धड कुकरही येत नाही. पातेले शंभर वर्षांनंतरही पातेलेच असते. ३०० रुपये मात्र ३०० रुपये राहत नाहीत, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यांना महायुद्धांपूर्वीच्या त्या स्थिर काळात सुचली नसावी.

किमतीने मोजण्याची ही रीत इंग्लंडातून आली. तिचे सर्वांत जिवंत वर्णन कोणत्याही विधिग्रंथात नाही. ते एका बारा वर्षांच्या मुलाच्या आठवणीत आहे. १८२४ च्या फेब्रुवारीत आरमाराच्या वेतन कचेरीतील एक कारकून, जॉन डिकन्स, ४० पौंड १० शिलिंगांच्या देण्यापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेला. देणे एका पाववाल्याचे होते. कुटुंबाचे स्वतःचे घर नव्हते. गॉवर स्ट्रीटवरील भाड्याच्या घरात त्यांचे बिऱ्हाड होते, आणि तेही हळूहळू रिकामे होत चालले होते. एकेक वस्तू गहाण पडत होती किंवा विकली जात होती. पुस्तके सर्वांत आधी गेली, आणि ती विकायला नेण्याचे काम चार्ल्स या मोठ्या मुलाकडे आले. शेवटी दोन खोल्या, काही खुर्च्या, स्वयंपाकघरातले एक टेबल आणि बिछाने एवढ्यात ती माणसे राहू लागली. छावणी टाकून राहावे तशी. नंतर आई आणि धाकटी भावंडेही वडिलांपाशी तुरुंगातच राहायला गेली. चार्ल्स बाहेर राहिला, कारण तो टेम्स नदीकाठच्या बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटवून आठवड्याला सहा-सात शिलिंग मिळवीत होता.

त्या काळी इंग्लंडात 'दिवाळखोर' होण्याचा अधिकार फक्त व्यापाऱ्यांना होता; पगारदार कारकुनासाठी नादार ऋणकोंचा वेगळा कायदा होता. सुटका हवी असेल तर सर्व मालमत्ता धनकोंच्या हवाली करायची, आणि ऋणकोने व त्याच्या कुटुंबाने जे कपडे व किरकोळ वस्तू ठेवायच्या त्यांची एकूण किंमत २० पौंडांच्या आत असली पाहिजे. सरकारी मूल्यमापकाने ते पाहून ठरवायचे. म्हणून कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन चार्ल्स त्या मूल्यमापकाकडे गेला. अंगावरचे कपडे दाखवायला.

तो माणूस जेवणावरून उठून, तोंडात घास तसाच ठेवून, बाहेर आला. त्याच्या अंगाला बिअरचा वास येत होता. त्याने मुलाकडे पाहिले. पांढरी जुनी टोपी, आखूड जाकीट, कॉर्डरॉयची विजार. ठीक आहे, चालेल, असे काहीसे तो सौम्यपणे म्हणाला. पण मुलाच्या खिशात आजीने दिलेले जाडजूड चांदीचे घड्याळ होते. वाटेने येताना त्याला एकच धास्ती होती, की या घड्याळाने आपण २० पौंडांच्या वर तर जाणार नाही? मूल्यमापकाने खिसे तपासले नाहीत. मुलाने वाकून नमस्कार केला आणि तो निघाला.

डिकन्सने ही हकीकत आपल्या मुलांनाही सांगितली नव्हती. १८७० साली तो वारल्यानंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती जगाला कळली. त्याच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड' या कादंबरीत मिकॉबर नावाचा सदा कर्जबाजारी, सदा आशावादी गृहस्थ आहे. त्याच्यावर वाचकांनी दीडशे वर्षे प्रेम केले. पण या मूल्यमापनाच्या प्रसंगात विनोदाला जागा नाही. मूल्यमापक दुष्ट नव्हता. उलट तो भला होता, घाईत होता आणि भुकेला होता. कायदाही त्या काळाच्या मानाने उदार होता. त्यानेच जॉन डिकन्सला मे महिन्याच्या अखेरीस तुरुंगाबाहेर काढले. तरीही त्या व्यवस्थेत एक मूल स्वतःची किंमत मनातल्या मनात मांडीत लंडनचे रस्ते तुडवीत गेले, आणि आजीच्या प्रेमाची खूण असलेली वस्तू त्याला चोरीच्या मालासारखी लपवावीशी वाटली. वस्तूंची नावे घेणाऱ्या यादीत घड्याळ नसते तर ते गेले असते. असते तर निर्धास्त राहिले असते. किमतीची मर्यादा मात्र प्रत्येक वस्तूला दुसऱ्या वस्तूची वैरीण करते. घड्याळ ठेवायचे तर बिछाना जाईल का, असा हिशेब ऋणकोलाच करावा लागतो.

यात आणखी एक अदृश्य वस्तू आहे, ती म्हणजे घर. दिवाळे या शब्दाविषयी अशी समजूत सांगतात, की पेढी बुडालेला व्यापारी भर दिवसा दारात दिवा लावून ठेवी. इटालियन भाषेतून इंग्रजीत गेलेल्या शब्दाची गोष्ट अशी, की सावकाराचा बाक मोडला जाई. दोन्ही गोष्टींत बुडणाऱ्याला स्वतःची एक जागा आहे. दिवा लावायला उंबरठा तरी हवा. कर्जदाराविषयी कणव बाळगणाऱ्या कायद्यांनीही बहुतेक वेळा असाच उंबरठा गृहीत धरला. साठाव्या कलमातही शेतकऱ्याचे, मजुराचे आणि घरगड्याचे राहते घर वाचविले आहे. ज्याला घरच नाही, त्याला या उदारतेचा सर्वांत मोठा हिस्सा मिळत नाही, कारण तो हिस्सा भिंतींच्या रूपाने द्यायचा ठरलेला असतो.

अमेरिकेत हा अन्याय उघडपणे मान्य केला गेला, हे नोंदवण्यासारखे आहे. तेथील १९७८ च्या संघीय दिवाळखोरी संहितेने राहत्या घरातील ७,५०० डॉलरपर्यंतचा हिस्सा ऋणकोला राखून दिला. मग विधिमंडळापुढे प्रश्न आला, की भाडेकरूचे काय? त्यावर युक्ती काढली ती अशी: घराची सवलत ज्याने वापरली नाही, त्याने तिचा न वापरलेला भाग दुसऱ्या कोणत्याही वस्तूवर खर्च करावा. मोटारीवर, बँकेतल्या शिलकीवर, वाटल्यास आजीच्या घड्याळावर. जोडीला ४०० डॉलर सरसकट. घर नसलेल्याच्या बाबतीत भेदभाव होऊ नये, हाच यामागचा घोषित हेतू होता. समतेचा हा विचार पुरती सहा वर्षे टिकला. १९८४ साली न वापरलेल्या भागापैकी निम्माच, म्हणजे ३,७५० डॉलरच, वळवता येईल असे ठरले. पुढे महागाईनुसार दर तीन वर्षांनी आकडे वाढविण्याची सोय झाली. मुंबईच्या ३०० रुपयांना जी कधी लाभली नाही. १ एप्रिल २०२५ पासून घरासाठी ३१,५७५ डॉलर, आणि घर नसल्यास १,६७५ अधिक फार तर १५,८०० डॉलर, असा तो हिशेब आहे. घरवाल्याची भिंत आणि बिऱ्हाडकरूचे सामान यांतील अंतर कायद्याने निम्म्यावर आणून सोडले.

तेही सर्वत्र नाही. संघीय यादी नाकारून आपली यादी चालविण्याची मुभा राज्यांना आहे, आणि अनेकांनी ती घेतली. फ्लॉरिडाची राज्यघटना राहत्या घराला किमतीची मर्यादाच घालीत नाही; शहरात अर्धा एकर आणि शहराबाहेर १६० एकर एवढीच मोजणी. १६० एकर म्हणजे समुद्राकाठचा वाडा, भोवतीची बाग आणि वर बरेच काही. त्याच घटनेत जंगम मालमत्तेसाठी लिहिलेला आकडा १,००० डॉलर आहे. वाड्याचा मालक बुडाला तर वाडा राहतो. त्याच वाड्याची झाडलोट करणारी, भाड्याच्या खोलीत राहणारी बाई बुडाली, तर तिने आपली खाट, कपाट, दूरचित्रवाणी संच आणि बँकेतली शिल्लक एक हजारात बसवायची. २००७ साली घराची सवलत न घेणाऱ्यांसाठी आणखी ४,००० डॉलरची भर घातली गेली. आधीच्या काळात त्या बाईने काय केले असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही: आपल्याच वस्तूंकडे तिने त्या मूल्यमापकाच्या डोळ्यांनी पाहिले असेल. अमेरिकन ऋणकोला आपल्या सर्व चीजवस्तूंची यादी स्वतःच करून, किमती टाकून, न्यायालयात दाखल करावी लागते.

भारतात घर नसलेल्याची आठवण १९७६ च्या दुरुस्तीने साठाव्या कलमाला झाली. भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या निवासी इमारतीतील भाडेकरूचा हक्क जप्त करता येणार नाही, असे तेव्हा कलमात आले. मुंबईतल्या चाळींच्या दृष्टीने हे फार मोलाचे होते. दहा बाय बाराची खोली ऋणकोच्या मालकीची नव्हतीच. पण तिच्यात राहण्याचा जो हक्क होता, बाजारात पागडीच्या रूपाने ज्याला किंमत येत होती, त्याला धनकोचा हात लागेनासा झाला. त्याच दुरुस्तीने आणखी एक शहाणपण केले: या सवलती सोडून देण्याचा करार ऋणकोने केला तरी तो शून्य मानायचा. कर्ज घेताना माणूस कशावरही सही करतो, हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते. पण आजचा शहरी बिऱ्हाडकरू बहुधा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हे, केवळ परवानाधारक. त्याची खरी पुंजी म्हणजे घरमालकाकडे ठेवलेले डिपॉझिट, आणि साठाव्या कलमाच्या लांबलचक यादीत डिपॉझिटचे नाव नाही.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने नवी यादी केली, आणि तिच्यात काळाची चाहूल आहे. धंद्याची हत्यारे आणि पुस्तके यांच्या जोडीला वाहने आली. घरगुती सामान आले, विम्याची पॉलिसी आली, एक राहते घरही आले. व्यक्तींविषयीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला तो मात्र फक्त कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांसाठी. त्यांच्या बाबतीत दागिन्यांना १ लाख रुपयांची आणि घराला शहरात २० लाख, खेड्यात १० लाखांची मर्यादा नियमांनी घातली. रूढीने उतरविता न येणाऱ्या दागिन्याला शेवटी आकडा लागलाच. साध्या कर्जदारासाठी जुने दोन कायदे मागे राहिले.

त्या नव्या यादीत एक विशेषण प्रत्येक वस्तूच्या आधी येते: बोजारहित. जिच्यावर दुसऱ्या कोणाचे कर्ज नाही अशीच वस्तू वगळायची. १९०८ च्या घरात खाट आणि तवा रोख पैशाने आलेले असत. आजच्या भाड्याच्या खोलीत फ्रिज हप्त्यावर असतो, फोन हप्त्यावर असतो, आणि घरोघर पार्सले पोचवून जो पोट भरतो त्याची दुचाकीही हप्त्यावर असते. कारागिराचे हत्यार म्हणावे अशी ती एकच वस्तू, आणि तिच्यावर बोजा असल्याने ती यादीबाहेर. हप्ते थकले की तिच्यासाठी बहुधा बेलिफ येत नाही, पंचनामा होत नाही, दारात शेजारीही जमत नाहीत. वसुलीची माणसे येतात, किल्ली मागतात आणि गाडी घेऊन जातात. खोलीत कुकर, तवा आणि अंथरूण राहते.